तुझ्या होडीचा गोळा

२१ जानेवारी, मंगळवार

रॉइस,

'प्रिय' मुद्दाम गाळलंय. पत्र उघडल्या उघडल्या तू ते शोधशील, म्हणून आधीच सांगून टाकते.

आम्ही दोघं नवरा-बायको बरे आहोत. वहिनीचा, ट्रूडीचा, गुडघा कसा आहे? तुमच्याकडे बर्फ कुंपणाच्या वर गेलाय, असं आमची जनेल सांगत होती. इकडे वाळवंटात दुपारी बाह्या दुमडून बसावं लागतं. मर्लच्या नाकाची साल निघालीय उन्हाने. टोपी घातली की काढून फेकतो. ट्रेलरमध्ये सोलरवर दिवे चालतात, पाणी जपून वापरतो, चार दिवसांनी ओल्या फडक्याने अंग पुसतो नि त्यालाच आंघोळ म्हणतो. झाली खुशाली.

फोन करता आला असता. मागच्या टेकाडावर चढलं की रेंज येते. पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? "नेडीन, ऐक, नेडीन, माझं ऐकून तर घे." लहानपणापासून तेच. तुझं ऐकूनच घेत आले मी. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून शाळेतल्या पोरीसारखी गुडघ्यावर वही घेऊन बसलेय. आता तू ऐक.

ऑक्टोबरात तू आमचा पिकअप नेलास. "माझी गाडी दुरुस्तीला दिलीय, तळ्यावरून होडी घरी आणायचीय, दोन दिवस दे." मी दिला. परत आणलास तो पेट्रोलची टाकी भरून, काचा पुसून, वर ट्रूडीने भाजलेला केक. मी मर्लला म्हटलंसुद्धा, "बघ, म्हातारपणी का होईना, भाऊ सुधारला माझा." केक खाल्ला आम्ही. चांगला झाला होता.

पिकअपच्या मागे हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या दांड्यावर, लोखंडी गोळा असतो. ट्रेलरच्या नाकाखालची वाटी त्या गोळ्यावर बसते आणि वरून कडी लागते. सगळा ट्रेलर त्या एका गोळ्याच्या भरवशावर मागे येतो. हे तुला सांगायला नको होतं, आयुष्यभर होडी ओढतोयस. तरी सांगतेय, कारण तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे आता सिद्ध झालंय. आमच्या ट्रेलरला, त्या चाकांवरच्या घराला, मोठा गोळा लागतो. तुझ्या होडीला लहान. तू परत दिलेल्या पिकअपवर तुझ्या होडीचा गोळा होता.

विसरला असशील बदलायला, असं मी धरून चाललेय.

नाताळची सुट्टी संपली आणि आम्ही निघालो. मर्लला आधी सीटवर बसवलं, पट्टा लावला, मांडीवर घोंगडी घातली. मग तीस फुटांचा ट्रेलर मी एकटीने जोडला. एकटीने, रॉइस! पिकअप मागे घेतला तो एका झटक्यात बरोबर नाकाखाली. आणि तू जनेलला सांगत फिरतोस, "तिला आरशात बघून मागे घेता यायचं नाही." अरे, माझी सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात गेली. बर्फात, चढावर, मागे अख्खी शाळा बोंबलत असताना. तुझी पोरंसुद्धा माझ्याच बसमध्ये वाढली. मर्ल नेहमी चालवायचा आणि मी बाजूला बसायचे, ते मला येत नव्हतं म्हणून नाही. वर्षभर आरशात पोरांची थोबाडं बघून कंटाळलेली असायचे. सुट्टीत मला खिडकीतून नुसतं बाहेर बघायचं असायचं. मर्लला ते माहीत होतं. तू कधी विचारलंच नाहीस.

तर ट्रेलरचं नाक खाली घेतलं, कडी लागली, खट् वाजलं. वरून पिन घातली, साखळ्या फुलीसारख्या अडकवल्या, तार जोडली, मागचे दिवे बघून आले. गोळ्यावर ग्रीस इतकं थापलेलं की वरचा मापाचा आकडा दिसेना. त्याचंही मी कौतुक केलं मनात. म्हटलं, भावाने ग्रीससुद्धा लावून दिलंय.

आयडाहोहून इथवर आलो आम्ही. युटाचे घाट, मग नेवाडा, ते लास व्हेगासचे अंगावर येणारे रस्ते. दोन्ही बाजूंनी मोठाले ट्रक जीव घ्यायला निघाल्यासारखे धावतायत, वाऱ्याने ट्रेलर हलतोय, आणि मागून आपलं खडखड, खडखड. मला वाटलं जुना ट्रेलर आहे, वाजणारच. एका गावात सिग्नलला शेजारी शाळेची पिवळी बस येऊन थांबली. मी खिडकीतून ड्रायव्हरबाईला हात केला, तिनेही केला. पुढे चढ होता. बराच वेळ ती बस आमच्या मागोमाग होती.

ती बस रोज दिसते मला. बटाटे सोलताना, भांडी घासताना, केव्हाही. आमच्या मागे तो ट्रेलर जोडलेला नव्हता रे. नुसता ठेवलेला होता.

डांबरी रस्ता संपून आमच्या नेहमीच्या जागेकडे जाणारी मातीची वाट लागली, तिथे तो कोरडा ओढा आहे. तू आला होतास एकदा, 'इथे माणसं येतात तरी कशाला' म्हणून नाक मुरडून गेलास, तोच. मी अगदी सावकाश उतरवला पिकअप. पुढची चाकं वर चढली, आणि मागे असा काही दणका बसला की माझे दातावर दात आपटले. वाटी गोळ्यावरून उडाली होती. साखळ्यांनी धरलं म्हणून बरं, नाहीतर तो तीस फुटी ट्रेलर, पाण्याची टाकी गच्च भरलेली, एक तर ओढ्यात आडवा, नाहीतर आमच्या पाठीत. नाक मातीत रुतलं. आतली कपाटं उघडून ताटं, डबे, मर्लची औषधं, सगळं जमिनीवर.

आणि मर्ल म्हणाला, "च्यायला!"

तुला हसू येईल. तुम्ही सगळे हसताच. अर्धांगाचा झटका येऊन शब्द गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, शिव्या मेंदूत वेगळ्या कोपऱ्यात राहतात, कधीकधी तेवढ्या वाचतात. अख्खी भाषा गेली आणि एवढी एक शिवी राहिली. कॉफी हवी, च्यायला. पाय गार पडले, च्यायला. सकाळी डोळे उघडून माझ्याकडे बघतो तेव्हाही तेच, पण हळू. मला त्यातले सगळे प्रकार ओळखू येतात. ओढ्यातला 'च्यायला' अगदी जुना होता, टायर फुटल्यावर म्हणायचा तसा. मग तो हसायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी स्टिअरिंगला धरून बसलेय आणि हा बाबा खो खो हसतोय!

वेंडेल धावत आला. दर हिवाळ्याला आमच्या शेजारी तळ ठोकणारा, तो दाढीवाला. तू त्याला भणंग म्हणाला होतास. त्याने जॅक लावून नाक उचललं, खाली वाकला, अंगठ्याने गोळ्यावरचं ग्रीस पुसलं. वरचा आकडा वाचला.

"नेडीन, हा कुणाचा गोळा?"

"का?"

"हा होडीचा आहे. लहान आहे. ह्याच्यावर तू आयडाहोहून आलीस?"

"हो."

"देवावर विश्वास आहे का तुझा?"

"रविवारपुरता."

"आजपासून रोजचा ठेव," म्हणाला. मग विचारलं, "कोणी लावला हा?"

मी म्हटलं, भाऊ विसरला असेल बदलायला. शहरात जाऊन योग्य मापाचा गोळा आणला त्याने आणि बसवून दिला.

मर्ल हाका मारतोय. म्हणजे तेच ओरडतोय. उरलेलं उद्या लिहिते.


बुधवार, सकाळ

काल लिहिलेलं कॉफी पिता पिता वाचलं. 'विसरला असशील असं धरून चाललेय.' धरून बिरून काही चाललेलं नाही. खोटं लिहिलं मी. वेंडेलला अजून खरं सांगितलेलं नाही, आणि काल चक्क तुझ्याशीच तुझ्या वतीने खोटं बोलले. बहीण म्हणून अंगवळणीच पडलंय ते. लहानपणी तू फोडलेल्या काचांसाठी आईचा मार मीच खाल्लाय.

पोचल्या दिवशी मी टेकाडावर चढून जनेलला फोन लावला. पोचलो म्हटलं. तर माझी लेक काय म्हणाली माहितीये? "पोचलात? कसे पोचलात? मामा तर म्हणाला होता, तुम्ही अंगणातूनच बाहेर पडणार नाही." आणि लगेच, "ठेवते मी फोन." मी म्हटलं, जनेल, बोल. तेव्हा रडत रडत सगळं ओकली.

तळ्यावरून होडी आणायची नव्हतीच तुला. तू मोठा पाना घेऊन आमचा गोळा खोलून ठेवलास आणि स्वतःचा लहान घट्ट आवळून बसवलास. वर ग्रीस थापलंस, मला आकडा दिसू नये म्हणून. तुझा हिशोब सरळ होता. तुझ्या होडीच्या वाटीत मोठा गोळा शिरत नाही, हे तुला ठाऊक. म्हणून आमच्या मोठ्या वाटीला लहान गोळा चालणार नाही, कडीच लागणार नाही, असं तू ठरवून टाकलंस. गोळाच काढून नेला असतास तर मी दुसरा आणला असता. म्हणून हा डाव. कडी लागत नाही म्हटल्यावर मी खटपट करीन, थकेन, तुलाच बोलावीन. तू येशील, खाली वाकून बघशील, मान हलवशील, "ट्रेलर संपला नेडीन, आता राहू दे." आणि मी घरात जाऊन बसेन.

अरे गाढवा, लागते कडी! लहान गोळ्यावर कडी आरामात लागते, खट् आवाजसुद्धा करते. म्हणून तर माणसं मरतात!

तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. तू मुद्दाम आमच्या जिवावर उठला नव्हतास, हे मला कळतं. तेवढी अक्कल आहे मला. तू आम्हाला वाचवायलाच निघाला होतास, आणि म्हणूनच जास्त राग येतोय. उघड वैर असतं तर दार लावून घेतलं असतं. तू किल्ली लपवायची होतीस. चारही टायरची हवा सोडायची होतीस. पिकअपसमोर आडवा पडायचं होतंस रस्त्यात, मी तुला शिव्या घातल्या असत्या, तू मला घातल्या असत्यास. भावाबहिणीचं भांडण झालं असतं ते. पण तू हसत हसत किल्ली परत दिलीस, केक दिलास, आणि आम्ही निघताना पोर्चमध्ये उभा राहून हातही केलास! म्हणजे ट्रेलर जोडून झालेला तुला दिसला होता. कडी लागलेली दिसली होती. तेव्हा तुझी जीभ का उचलली नाही? लाज वाटली? आपलं पितळ उघडं पडेल म्हणून? त्या लाजेपायी तू आम्हाला लास व्हेगासच्या रस्त्यावर जाऊ दिलंस. त्या बसमधल्या पोरांना आमच्या मागे येऊ दिलंस.

इथे मी थोडा वेळ चालून आले. नाहीतर कागद फाडला असता.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तू भर टेबलावर म्हणालास, "ह्याच्यात आता मर्ल कुठे उरलाय, नेडीन? तू नुसतं शरीर सांभाळतेयस." त्याच्यासमोर! त्याच्या हातात चमचा होता. त्याने तो ताटात ठेवला आणि त्याचा शब्द म्हणाला. तुम्ही सगळे हसलात. टर्की आणखी वाढून घेतलीत. तो तुला उत्तर देत होता, रॉइस.

मर्ल आहे. इथे खुर्चीत बसून तो सकाळभर समोरचा डोंगर बघतो. ऊन सरकलं की स्वतः खुर्ची सरकवायला बघतो. संध्याकाळी शेकोटीची लाकडं मी रचली की काठीने ढकलून पाडतो आणि आपल्या पद्धतीने रचायला लावतो. वेंडेल त्याला चिडवतो, "बाई चुकली का रे पुन्हा?" आणि हा ठसक्यात म्हणतो, "च्यायला." शब्द गेले, पण मला चुकीची ठरवायची हौस गेलेली नाही. एवढा मर्ल मला पुरतो.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला दोन दिवस लागलेत. बर्फ, गुडघा, गोळा, सगळं लिहून झालं, आणि हे तसंच राहिलंय.

तू आणि जनेल ते तळ्याजवळचं आजाऱ्यांना सांभाळणारं घर धरून बसलात. 'तिथे नर्स असते, लिफ्ट असते, आई हट्टी आहे, ऐकत नाही.' अख्ख्या नात्यात माझी हट्टी बाई म्हणून ख्याती केलीत. तर ऐक. डिसेंबरमध्ये मी तिथे जाऊन आले. एकटी. तिथल्या बाईशी बोलले, खोली बघितली, खिडकीतून काय दिसतं ते बघितलं, आणि हो म्हणून सही करून आले. एप्रिल लागला की मर्लची जागा तिथे.

कुणाला सांगितलं नाही. तोंडातून निघालं असतं तर खरं झालं असतं.

तो न्हाणीघरात पडला होता. तू पिकअप परत दिलास, त्याच आठवड्यात. मला उचलता आला नाही. काखेत हात घातले, चादर घालून ओढलं, खुर्ची लावून बघितली. नाही जमलं. मग त्याच्यावर होते तेवढे टॉवेल घातले आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिले. पोस्टमन आला तेव्हा खिडकीतून हाक मारली. तुला फोन केला नाही. तू धावत आला असतास, मला माहीत आहे. पण उचलता उचलता "बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हणाला असतास, आणि ते मला त्या दिवशी सोसलं नसतं. इथेही दोनदा पडलाय. वेंडेल उचलतो. बायको नवऱ्याला उचलू शकत नाही म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं. हातात आहे, जवळ आहे, ऊब लागतेय, आणि उचलता येत नाही.

म्हणजे तुला जे हवं होतं ते मी स्वतःच करून आले होते. तुझा तो गोळा, तो डाव, कशाचीही गरज नव्हती. मी फक्त एक हिवाळा ठेवून घेतला होता. आमचा, ह्या जागेवरचा, शेवटचा. तोही तू गोळ्याखाली घालायला निघालास, बाबा.

मर्लला माहीत आहे. येताना नेवाडात, लांबच लांब सरळ रस्त्यावर, मी समोर बघत बघत त्याला सांगितलं. एप्रिलमध्ये काय होणार ते सगळं. म्हटलं, मला तुझं वजन पेलत नाही रे आता. त्याने आपला चांगला हात माझ्या मांडीवर आणून ठेवला. तो शब्द म्हणाला नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकदाही म्हणाला नाही. मला वाटलं तोही गेला की काय.

आता कामाचं. जनेल म्हणते, तू आणि ती येत्या रविवारी निघणार, इथे येऊन आम्हाला 'घेऊन जाणार'. येऊ नका. आलात तर वेंडेलला सांगून ठेवलंय, ओढ्यापाशीच अडवील. मला हे दोन महिने हवेत. सकाळची कॉफी, तो डोंगर, त्याने पाडलेली लाकडं, सगळं हवंय. कुणी त्यात 'आई, जरा विचार कर' म्हणत बसलेलं नकोय. जनेलला एप्रिलचं तू सांग. मला तिचं रडणं ऐकवणार नाही. आणि सांगताना एकदा तरी स्वतः काय केलंस तेही सांग तिला, माझ्या आडून नको.

मार्च संपताना मी ट्रेलर जोडीन आणि त्याला मीच घेऊन येईन. थेट त्या घराच्या दारापर्यंत. त्याची बॅग मी उचलीन, त्याचे कपडे मी लावीन, खुर्ची खिडकीपाशी मी ठेवीन. तिथे तुमच्यापैकी कुणीही नको. आत फक्त आम्ही दोघं.

पण तिथून आमचं घर तासाभराच्या रस्त्यावर आहे, रॉइस. बाहेर पडल्यावर मला पिकअप चालवायचाय, मागे रिकामा ट्रेलर घेऊन. चालवीन मी. फक्त शेजारच्या सीटकडे मला बघवायचं नाही.

तू तिथल्या फाटकाबाहेर उभा राहा. मी आले की आत चढून बस. चालवू का म्हणून विचारायचं नाही. बरं केलंस म्हणायचं नाही. माफी तर अजिबात मागायची नाही, मी केलेलं नाही माफ आणि त्या दिवशीही केलेलं नसेल. गप्प बसायचं, घर येईपर्यंत. ते तुला आयुष्यात कधी जमलेलं नाही. तरी ये.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तुझी बहीण,
नेडीन